अडलेलं कार्ड

"सर, माझी टीम चंद्रावर नेऊन बसवली तरी मला इथे बसल्या बसल्या कळेल, कोण काम करतंय आणि कोण कपडे वाळत घालतंय," मी देवरे सरांना म्हणालो आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

देवरे सर आमच्या कंपनीचे मालक. नाशकात दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, पण तेव्हा त्यात सर, एक शिपाई आणि पाण्याचा कूलर एवढेच उरले होते. बाकीचे साथीच्या दिवसांत जे घरी गेले ते घरीच रमले. माझी टीम मला धरून तिघांची. कल्पेश येवले चाळीसगावात आईजवळ, रेवती मगदूम गडहिंग्लजला, आणि मी सिन्नरला. एका तालुक्याच्या दूध संघासाठी आम्ही अॅप बनवत होतो. शेतकऱ्यानं डेअरीला दूध घातलं की त्याच्या मोबाईलवर लिटर आणि फॅट दिसायचं, एवढंच.

तीन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी संघाचे चेअरमन अण्णासाहेब ते अॅप बघणार होते. त्यांनी मान डोलावली तर काम आमचं, ऑफिस बंद, सगळ्यांनी कायमचं घरून. नाही डोलावली तर सगळ्यांनी बॅगा भरून नाशकात, आणि टीम लीडच्या खुर्चीत माझ्या जागी दुसरं कोणीतरी. सरांनी हे मला तोंडावर सांगितलं होतं. मी "चालेल" म्हणालो होतो. माझ्याकडे बोर्ड होता ना!

बोर्ड म्हणजे स्क्रीनवरचा फळा. त्यावर रकाने: करायचंय, चालू आहे, अडलंय, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड आणि कार्डावर ज्याचं काम त्याचा फोटो. काम पुढे गेलं की कार्ड उजवीकडे सरकवायचं. आम्ही तिघं तीन गावांत असलो तरी फळा एकच, एकानं सरकवलं की सगळ्यांना दिसणार. रकान्यांची नावं मी मुद्दाम मराठीत ठेवली होती, कारण अण्णासाहेबांनाही बोर्ड बघायला दिला होता. आपण लपवाछपवीवाले नाही.

सर चष्मा लावून वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हे काय आहे?"

'चालू आहे'च्या रकान्यात कल्पेशचा फोटो होता, स्टुडिओतला, मागे निळा पडदा. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'गहू दळून आणणे.'

"दूध संघाला गहू कशाला?" सरांनी विचारलं.

"टेस्टिंग आहे सर."

आमच्या डोळ्यांदेखत ते कार्ड घसरत घसरत 'झालं'मध्ये जाऊन बसलं.

"स्पीड बघा सर," मी म्हणालो.

बाहेर आल्या आल्या मी जिन्यातूनच कल्पेशला फोन लावला.

"सर, ते आईनं टाकलंय," तो कुजबुजला.

"आई बोर्डावर कशी आली?"

"माझ्या लॅपटॉपची स्क्रीन गेलीय ना सर. टीव्हीला जोडलाय. टीव्ही बैठकीत आहे. त्यामुळे बोर्ड दिवसभर बैठकीतच असतो. येणारा-जाणारा बघतो. मी अंघोळीला गेलो होतो, तेवढ्यात…"

"आण तो फोन इकडे," त्याच्या मागून आवाज आला, आणि फोन सुमनकाकूंच्या हातात गेला.

सुमनकाकू म्हणजे कल्पेशची आई, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्याशी बोलताना मी नकळत जिन्यातच सरळ उभा राहिलो.

"साहेब, नमस्कार. परवा टीव्हीतून तुम्हीच बोललात ना, जे बोर्डावर नाही ते कामच नाही? मी मागेच बसले होते वाटाणे सोलत. मला फार पटलं. या पोराला मी किती दिवसांपासून सांगतेय, गहू दळून आण, गहू दळून आण. ढिम्म. आज कार्ड टाकलं, तर अंघोळीतून आल्या आल्या पीठ घरी."

"काकू, पण हा ऑफिसचा बोर्ड आहे."

"मग? ऑफिस आमच्याच घरात आहे की."

मी विषय बदलला. "तुम्हाला माऊस चालवता येतो?"

"रांगोळी काढणारा हात आहे माझा. ते जाऊ द्या. साहेब, तुमचा तो एक रकाना आधी काढून टाका. अडलंय नावाचा. माझ्या पोराचा फोटो तिथे लटकतोय. समोरच्या पिंगळेबाई चहाला आल्या तर विचारतात, काय हो, कल्पेश अजून लॉगिनमध्येच का? जसा काही दहावीत नापास झालाय!"

"काकू, अडलंय म्हणजे वाईट नाही. उलट त्यामुळे मदत मिळते."

"मदत मागणाऱ्याचा फोटो कोणी बैठकीत लावतं का?" काकू म्हणाल्या आणि फोन परत कल्पेशकडे दिला.

तर ते लॉगिनचं कार्ड. अॅपमध्ये मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो टाकला की आत. त्या कार्डावर दोन फोटो होते, कल्पेशचा आणि रेवतीचा, कारण अर्धं काम त्याचं आणि अर्धं तिचं. ते सुरुवातीलाच 'अडलंय'मध्ये गेलं. मी घाबरलो नाही. अडलेल्या कार्डासाठी मी आधीच नियम करून ठेवला होता: ज्या दोघांचं कार्ड अडलंय त्यांनी रोज अर्धा तास व्हिडिओवर समोरासमोर बसायचं, सुटेपर्यंत. माझ्या सगळ्या नियमांत हा मला सगळ्यात आवडता. माणसं लांब असली की बोलत नाहीत. आपण बोलायला लावायचं.

आणि तरीही कार्ड सलग चार दिवस अडलेलंच राहिलं, तर बोर्ड आपोआप मेल पाठवणार, मला, सरांना आणि थेट अण्णासाहेबांना. ही भीती असली की कोणी अडून बसत नाही.

रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मी विचारायचो.

"लॉगिन कुठवर आलं?"

"सर, ओटीपीचं आहे जरा," कल्पेश म्हणायचा.

"मी बघालोय सर," रेवती म्हणायची. त्यांच्या भागात पोरीही 'मी बघतो, मी येतो' असंच बोलतात. मला आधी गंमत वाटायची, मग सवय झाली. "आज परत बसतो आम्ही दोघं. काढतो मार्ग."

"अर्धा तास पुरतो का?"

"न्हाई पुरत सर," रेवती म्हणाली. "काल दोन तास झाले."

"व्वा," मी म्हणालो. कल्पेश रेवतीबरोबरच्या त्या मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून बसतो हेही माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या मीटिंगला तो बनियनवर असायचा. पण मी मन मोठं ठेवलं. कामाबद्दल इतका आदर असेल तर लीडबद्दल थोडा कमी असला तरी चालतो.

कार्ड मात्र विचित्र वागत होतं. एखाद्या दुपारी बघावं तर 'झालं'मध्ये. मी खूश होऊन सरांना मेसेज टाकायचो, "लॉगिन संपलं." संध्याकाळी बघावं तर परत 'अडलंय'मध्ये. मग मी सरांना लिहायचो, "लॉगिन अजून मजबूत करतोय." असं सारखं चाललं होतं. एक फायदा होता. ते सलग चार दिवस एका जागी कधी राहिलंच नाही, त्यामुळे अण्णासाहेबांना मेल गेला नाही.

शेवटी मी चाळीसगावला फोन लावला.

"काकू, लॉगिनचं कार्ड तुम्ही सरकवता का?"

"मी टीव्ही पुसत होते."

"टीव्ही पुसून कार्ड सरकत नाही काकू."

"बरं, सरकवते. पिंगळेबाई यायच्या आधी सरकवते. त्या गेल्या की सरकू द्या परत, माझं काही म्हणणं नाही. पण परत कोण आणतं मला माहीत नाही. मी नाही."

"ते सिस्टीम आणते," मी म्हणालो. काकूंना सगळं समजावत बसण्यात अर्थ नव्हता. मलाही माहीत नव्हतं.

सोमवार जवळ आला. बाकीची कार्डं सगळी 'झालं'मध्ये गेली होती, फक्त लॉगिनचं तेवढं झोके घेत होतं. शनिवारी मी जेवायला बसलो होतो आणि देवरे सरांचा फोन आला.

"जयदीप, आपल्या प्रोजेक्टमध्ये लग्न कोणाचं अडलंय?"

"काय सर?"

"मेल आलाय मला. बोर्डाकडून. लाल अक्षरात. हे कार्ड चार दिवसांपासून अडलेलं आहे, तातडीने लक्ष घाला. कार्डाचं नाव, कल्पेशचं लग्न. जबाबदारी, जयदीप खैरनार. वर तुझा फोटो आहे."

मी हात न धुताच लॅपटॉप उघडला. 'अडलंय'मध्ये लॉगिनच्या खाली ते कार्ड होतं आणि त्यावर माझा फोटो हसत होता. चार दिवस मी लॉगिनवरच डोळे लावून बसलो होतो, खाली बघितलंच नव्हतं.

"काकू!" मी फोनवर ओरडलोच.

"ओरडू नका. आमच्या घरात अडलेलं दुसरं काय आहे? स्थळ आणलं की हा म्हणतो, बघू. फोटो दाखवला की म्हणतो, बघू. म्हटलं, साहेबांचं ऐकतो, तर साहेबांच्या नावानं टाकावं."

"काकू, तो मेल दूध संघाच्या चेअरमनना गेलाय!"

"अगं बाई. त्यांच्या ओळखीत आहे का कोणी?"

मी फोन ठेवला नाही तोवर दुसरा वाजला. अण्णासाहेब.

"खैरनार, मेल मिळाला."

"माफ करा अण्णासाहेब, ते चुकून आलं. आत्ता काढून टाकतो."

"काढताय काय? अहो, तुमचा तो बोर्ड मी रोज चहाच्या वेळेला उघडतो. सर्व्हर काय, डेटाबेस काय, एक अक्षर कळायचं नाही. त्या गव्हानंतर पहिल्यांदा मला कळेल असं काम आलंय त्यावर. मुलगा कसा आहे?"

"मुलगा… चांगला आहे."

"सुपारीबिपारी?"

"नाही."

"मग ऐका. माझी भाची आहे, शेतकीत एमएस्सी करतेय. सोमवारी तुम्ही अॅप दाखवणारच आहात, त्यातच मुलगाही बघून घेऊ. बहिणीला बोलावतो मी."

"अण्णासाहेब, मीटिंग अॅपची आहे…"

"अॅपही बघू की. गडबड कसली?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "माणसं चांगली असली की अॅप चांगलंच असतं, असं माझं मत आहे. तुमचं काय मत आहे?"

"तेच," मी म्हणालो.

दुसऱ्याला घाम फुटला असता. मी बोर्ड उघडला आणि सोमवारच्या कामांत एक कार्ड वाढवलं, 'मुलगा दाखवणे.' भाचीला नाही म्हटलं असतं तर दुधालाही नाही आलं असतं, आणि माझी खुर्ची गेली असती. दोन कामं एका मीटिंगमध्ये उरकत असतील तर ती उरकणाराच खरा लीड.

कल्पेशला फोन केला. "तू काही करायचं नाहीस. नुसतं सोफ्यावर बसायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची."

"सर, मला नाही जमणार."

"का?"

त्यानं बैठकीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लॉगिन अडलंय सर."

"लॉगिनचा आणि याचा काय संबंध?"

"काही नाही सर."

"मग बस. कल्पेश, माझी खुर्ची आहे रे यात. नंतर नकार दे हवं तर. एकदा सही झाली की आठवड्यानं दे."

रेवतीला तयारीचं सांगायला फोन केला तेव्हा तिलाही कल्पना दिली. "सोमवारी अण्णासाहेबांची भाची कल्पेशला बघणार आहे. त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यात जातील."

"बरं," ती म्हणाली. "आणि लॉगिन?"

"ते टाळू. नाहीतरी सुटत नाहीये तुमच्याच्यानं. मी थेट आतली पानं दाखवतो. उद्यापासून तुम्ही दोघांनी त्यावर बसायची गरज नाही."

"टाळा," ती म्हणाली आणि फोन कट. एरवी ती 'ठेवतो सर' म्हटल्याशिवाय ठेवायची नाही. कामाचा ताण, दुसरं काय.

सोमवारी स्क्रीनवर आधी दूध संघाचा हॉल उगवला. लांबलचक टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना टोपीवाले संचालक, मधोमध पेढ्यांचं ताट. मुख्य खुर्चीत अण्णासाहेब. त्यांच्या शेजारी त्यांच्या बहीणबाई, खांद्यावर पदर, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांच्या शेजारी भाची, मोबाईलमध्ये बघत. दुसऱ्या चौकोनात देवरे सर, टाय लावून. तिसऱ्यात चाळीसगावची बैठक. सोफ्यावर कल्पेश, दात काढायला आल्यासारखा, आणि शेजारी जरीच्या साडीत सुमनकाकू. चौथा चौकोन काळा. रेवतीनं कॅमेरा बंद ठेवला होता.

"नमस्कार," मी सुरुवात केली. "आमचं हे अॅप म्हणजे दूध व्यवसायातलं एक—"

"मुलाला जरा उजेडात बसवा," बहीणबाई म्हणाल्या.

काकूंनी उठून ट्यूबलाईट लावली.

"नाव?"

"कल्पेश येवले."

"येवले म्हणजे ते भांड्याच्या दुकानवाले का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "ते वेगळे. आमच्याकडे सगळे नोकरीवाले."

"नोकरी घरूनच असते का पण?"

"ते आजच्या मीटिंगवर आहे," देवरे सर तत्परतेनं म्हणाले.

"पगार?" एका संचालकांनी विचारलं.

"वाढणार आहे," मी म्हणालो. देवरे सरांनी टाय सैल केला.

"जरा उभं राहून दाखवा," बहीणबाई म्हणाल्या.

कल्पेश माझ्याकडे बघत होता. म्हणजे कॅमेऱ्याकडे. मी डोळ्यांनी खुणावलं, ऊठ. तो उठला. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि खाली फुलाफुलांची हाफ पॅन्ट.

संचालकांनी एकमेकांकडे बघितलं. मग टोकाला बसलेले एक वयस्कर संचालक म्हणाले, "चालायचंच. उन्हाळा आहे."

"बसा," अण्णासाहेब म्हणाले. "मुलगा ठीक वाटतोय. आता दूध बघू. खैरनार, माझ्या नंबरनं आत जाऊन दाखवा."

"लॉगिन आपण शेवटी बघू अण्णासाहेब. आधी आतली पानं दाखवतो. आतलं फार सुंदर झालंय."

"दार न उघडता आत कसे शिरणार? कौलं काढून? रोज बघतोय मी त्या बोर्डावर. लॉगिन अडलंय, लॉगिन झालं, लॉगिन अडलंय. सगळ्या कामांत तेच एक असं आहे की ज्याचं पुढे काय झालं ते मला बघायचंय."

देवरे सर स्क्रीनमधून माझ्याकडे असे बघत होते की माझ्या खुर्चीची चाकं मला खालून जाणवायला लागली.

"त्याचं काय आहे अण्णासाहेब," मी आवाज अजिबात हलू न देता म्हणालो, "लॉगिन सध्या विश्रांती घेतंय. रेवती, तू जरा सविस्तर सांग."

काळ्या चौकोनात रेवती उगवली. केस नुसते वर बांधलेले. डोळे सुजल्यासारखे.

"अण्णासाहेब, नंबर सांगा तुमचा."

त्यांनी सांगितला. तिनं तिची स्क्रीन दाखवली आणि टाईप केला. हॉलमध्ये पेढ्यांच्या ताटाशेजारी एक मोबाईल वाजला.

"आला का आकडा? वाचा."

त्यांनी वाचला. तिनं टाकला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, 'नमस्कार, अण्णासाहेब,' आणि खाली त्यांच्या गोठ्यातलं सकाळचं दूध, लिटर आणि फॅटसकट.

"आलं की!" टोकाचे संचालक ओरडले. "अण्णांचं दूध आलं!"

"शाब्बास!" मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो. "शेवटच्या क्षणी सोडवलंस. ही आहे आमची टीम. कधी सुटलं गं हे?"

"सुटायला अडलं कधी होतं?" रेवती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात झालंय ते. तेव्हापासून एकदाबी चुकलं न्हाई."

"मग कार्ड का अडलेलं?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा की. आज नवा शर्ट घालून बसल्यात."

सगळा हॉल कल्पेशच्या चौकोनाकडे बघायला लागला. कल्पेश हाफ पॅन्टवर हात पसरून बसला होता.

"सर," तो म्हणाला, "तुमचाच नियम आहे ना. कार्ड अडलेलं असलं की त्या दोघांनी रोज अर्धा तास…"

तो शर्टाची कॉलर नीट करायला लागला.

हॉलमध्ये कोणीतरी पेढा तोंडात घातला होता, तो चघळायचा थांबला. काकू टीव्हीकडे बघत होत्या. मग त्यांनी कल्पेशच्या शर्टाकडे बघितलं, इस्त्रीच्या घडीकडे.

"म्हणजे ते कार्ड मी 'झालं'मध्ये ढकलायची…"

"आणि मी परत आणायचो, आई."

"एक-दोनदा मीबी आणलंय," रेवती म्हणाली.

मला काहीतरी करणं भाग होतं. मी घाईघाईनं माझी स्क्रीन लावली, बोर्ड उघडला आणि सगळ्यांच्या देखत लॉगिनचं कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं. तेवढ्यात बोर्डावर दुसरं कार्ड हललं. चाळीसगावच्या चौकोनात काकू उठून उभ्या होत्या, एका हातात माऊस, दुसऱ्या हातानं चष्मा धरलेला. 'कल्पेशचं लग्न' उघडलं गेलं. माझा हसरा फोटो निघाला. त्याच्या जागी रेवतीचा फोटो आला. मग ते कार्ड हळूहळू, कुठेही न अडखळता, 'अडलंय'मधून उचललं गेलं आणि 'चालू आहे'मध्ये जाऊन बसलं.

"असं," काकू म्हणाल्या. "गडहिंग्लज फार लांब आहे का गं?"

"न्हाई फार," रेवती म्हणाली. रडत होती की हसत, स्क्रीन लहान असल्यामुळे मला नीट दिसलं नाही.

"दादा, ही काय थट्टा चालवलीय?" बहीणबाई पर्स घेऊन उठल्या.

भाचीनं पहिल्यांदा मोबाईलमधून डोकं वर काढलं. "बस गं आई. मामा, मला पुढे शिकायचंय हे मी दिवाळीपासून सांगतेय. माझंपण एक कार्ड टाका ना तिकडे, अडलंयमध्ये."

अण्णासाहेबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. देवरे सर श्वास रोखून बसले होते. मी नाही. मी हसरा चेहरा ठेवला होता, तो आता मला उतरवता येत नव्हता.

"देवरेसाहेब," अण्णासाहेब म्हणाले.

"बोला."

"तुमचं अॅप चालतंय."

"हो हो."

"चालत होतं, आणि तुमच्या माणसांनी ते बंद आहे असं तुम्हाला, मला, या खैरनारला, सगळ्यांना पटवून दिलं. आमच्या संघात बरोबर उलटं आहे. बंद असतं आणि चालू आहे म्हणून पटवतात." त्यांनी पेढा उचलला. "काम तुम्हाला. पण तो बोर्ड आमच्याकडेही लावून द्या. आमच्या सचिवाचा फोटो त्या अडलंयमध्ये बघायची मला फार इच्छा आहे."

सगळे संचालक हसले, सचिव सोडून.

अशा तऱ्हेनं माझ्या बोर्डानं एका मीटिंगमध्ये कंपनीला काम, टीमला घर आणि कल्पेशला बायको मिळवून दिली. ऑफिस बंद झालं, मी डिलिव्हरी हेड झालो. याला आता बरीच वर्षं झाली. लांबलांबच्या टीमकडून काम कसं करून घ्यावं यावर मी आता ठिकठिकाणी बोलतो. तिथे हा किस्सा सांगतो आणि अडलेल्या कार्डाचा नियम मी पुढचा सगळा विचार करूनच केला होता, हेही सांगतो. लोक वह्या काढून लिहून घेतात.

लग्न गडहिंग्लजला झालं. लग्नाचा बोर्ड अर्थातच मी केला. हॉल, स्वयंपाकी, मांडव, बँडवाले, चाळीसगावहून येणारी बस, प्रत्येकाचं कार्ड, कार्डावर फोटो. मुहूर्ताच्या आधी मी तो हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावला. एकूण एक कार्ड 'झालं'मध्ये होतं. देवरे सरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेब पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं एकेक कार्ड वाचत होते आणि शेजारच्यांना समजावून सांगत होते. मी माईक घेऊन दोन शब्द बोललो.

गुरुजी म्हणाले, "चला, नवरदेवाला पाटावर उभं करा."

पाटावर कोणी आलं नाही.

'नवरदेवाला लॉजवरून आणणे' हे कार्ड काकूंनी पिंगळेबाई यायच्या आधी सकाळीच 'झालं'मध्ये सरकवलं होतं, म्हणून त्याला आणायला कोणी गेलंच नव्हतं. कल्पेश मुंडावळ्या बांधून लॉजच्या पायरीवर बसला होता. 'नवरदेवाचा फोन काढून घेणे' हे कार्ड माझं होतं, आणि ते खरोखरच झालं होतं.